निःशस्त्रांचा वर्ग

उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरचा एखादा मोठा शिंपला उघडला, की आतल्या कल्ल्यांच्या पोकळीत कधीकधी एक पांढुरका, चपटा, बोटाच्या दोन-तीन पेरांएवढा जीव चिकटलेला दिसतो. त्याच्या शेपटीकडे गोल चूषक असते. त्यावर तो इतका घट्ट बसलेला असतो, की ओढला तर ताणला जातो, पण सुटत नाही. पाहणारा म्हणेल, ही जळूच. डेन्मार्कचा नामवंत निसर्गशास्त्रज्ञ ओ. एफ. म्यूलरही १७७६ साली तेच म्हणाला. जळवांची ‘हिरुडो’ नावाची प्रजाती आधीच ठरलेली होती, तिच्यात त्याने या जिवाला बसवले.

पण ही जळू नव्हती. जळवेच्या अंगावर वळी असतात, इथे एकही नाही. जळवेला दोन्ही टोकांना चूषके असतात, इथे फक्त मागे. हा जीव रक्तही पीत नाही. शिंपला जे पाणी आत ओढतो, त्यातले सूक्ष्म जीव गाळून तो पोट भरतो. शरीर उघडून पाहिल्यावर खरी ओळख पटली. अन्ननलिकेच्या वरच्या अंगाला एक लांब बंद पोकळी होती आणि तिच्यात आत ओढून घेतलेली सोंड होती. ही सोंड प्राणिसृष्टीत एकाच घराण्याची खूण आहे, रिबन कृमींची. आज या जिवाला ‘मॅलॅकॉब्डेला ग्रोसा’ म्हणतात. त्याच्या नावात जळवेचा ग्रीक शब्द अजून आहे. एकदा दिलेल्या नावाची चूक अशी शतकानुशतके मागे उरते.

रिबन कृमी हा शब्द वापरताना मराठी वाचकाला आधी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘पट्टकृमी’ किंवा ‘फीतकृमी’ म्हणून जो येतो, तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा परोपजीवी. त्याचा आणि या प्रकरणातल्या प्राण्यांचा संबंध नाही. रिबन कृमी बहुतांशी समुद्रात राहतात, स्वतंत्र जगतात आणि शिकार करतात. काही थोडे गोड्या पाण्यात, काही ओलसर जमिनीवर उतरले आहेत. शास्त्रात त्यांच्या संघाला नेमर्टिया म्हणतात. ग्रीक पुराणात नेरेउस या सागरवृद्धाच्या अनेक कन्यांपैकी एक नेमर्टेस, आणि तिच्या नावाचा अर्थ ‘न चुकणारी’. या प्राण्यांच्या सोंडेचा नेम पाहिला की नाव शोभते असे वाटते.

सोंड काम कशी करते, ते नीट समजून घेऊ. पुढचे सगळे वर्गीकरण तिच्याभोवती फिरत राहिले आहे. एरवी ती उलटी होऊन द्रवाने भरलेल्या पोकळीत पडून असते. भक्ष्याचा सुगावा लागला की पोकळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतल्या द्रवाचा दाब वाढतो, आणि आत गेलेली बाही झटक्यात सरळ व्हावी तशी सोंड बाहेर फेकली जाते. काही जातींत ती चिकट आणि विषारी असते, भक्ष्याला विळखा घालते. काहींत तिच्या मधोमध एक टणक सुळा असतो. सोंड बाहेर आली की तो सुळा टोकाला येतो, भक्ष्याच्या अंगात घुसतो आणि जखमेतून विष आत जाते. सुळा मोडला तर शेजारच्या पिशव्यांत नवे सुळे तयारच असतात. ‘गॉर्गोनोऱ्हिंकस’ या प्रजातीत तर सोंडेला फांद्या फुटलेल्या असतात. ती बाहेर पडताना मुळांचे जाळे डोळ्यांदेखत वाढत असल्यासारखे दिसते.

अशा प्राण्याला पहिल्या निसर्गशास्त्रज्ञांनी कुठे कुठे बसवले, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे या संघातला सर्वांत लांब सभासद. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या विल्यम बोर्लेसने १७५८ साली त्याची ‘समुद्रातला लांब कृमी’ म्हणून नोंद केली. १७७० साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचा बिशप योहान अर्न्स्ट गुन्नेरुस याने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्याने निवडलेली प्रजाती होती ‘अस्कॅरिस’, म्हणजे मुलांच्या पोटात होणाऱ्या जंतांची. फ्रान्सच्या क्युव्हिएने १८१७ मध्ये त्याला ‘नेमर्टेस’ म्हटले आणि बोर्लेसची आठवण जातीच्या नावात ठेवली. आज तो ‘लिनियस लाँगिसिमस’ आहे.

याच्याच लांबीबद्दल ५५ मीटर हा आकडा जगभरच्या पुस्तकांत छापला जातो. निळा देवमासा ३० मीटरच्या आसपास, म्हणून हा जगातला सर्वांत लांब प्राणी, असे वाक्य त्यापुढे येते. आकड्याचे मूळ पाहावे असे मला वाटते. १८६४ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या किनाऱ्यावर वादळानंतर एक नमुना सापडला. विल्यम मॅकिन्टॉश या निष्णात अभ्यासकाने त्याची नोंद केली. तीस यार्ड, म्हणजे सुमारे २७ मीटर न तुटता मोजून झाले होते आणि तरी अर्धाही गुंता सुटला नव्हता, असे तो सांगतो. ५५ मीटर ही या अर्ध्याची दुप्पट आहे. शिवाय हे प्राणी रबरासारखे ताणतात आणि आखडतात. मॅकिन्टॉशच्या सचोटीबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण ज्याची लांबी क्षणाक्षणाला बदलते त्याचे मोजमाप म्हणजे काय, हा प्रश्न खरा आहे. हाच प्रश्न वर्गीकरण करणाऱ्यांना पुढे दीडशे वर्षे पुरला. या प्राण्याला हाड नाही, कवच नाही, वळी नाहीत, पाय नाहीत. रंग मद्यार्कात उडून जातो. नमुना बाटलीत घालताना तो आखडतो, तुटतो, कधी सोंडच टाकून देतो. ओळखीला धरायचे काय?

१८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ माक्स शुल्ट्झ याने सोंड धरली. सोंडेत सुळा असेल तर तो कृमी ‘एनोप्ला’ म्हणजे सशस्त्र वर्गातला, नसेल तर ‘अनोप्ला’ म्हणजे निःशस्त्र वर्गातला. विभागणी स्वच्छ होती, सूक्ष्मदर्शकाखाली चटकन तपासता येत होती, आणि दुसऱ्या लक्षणांशीही जुळत होती. बहुतेक सशस्त्र कृमींत तोंड आणि सोंड एकाच छिद्रातून उघडतात. निःशस्त्रांत तोंड वेगळे, मेंदूच्या मागे, खालच्या बाजूला असते. ही दोन नावे जवळजवळ १७० वर्षे टिकली. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती पाठ केली.

त्यानंतरच्या अभ्यासकांनी या दोन खोल्यांत आणखी भिंती घातल्या. हॉलंडच्या हुब्रेख्टने १८७९ मध्ये तीन गट केले. साध्या बांधणीचे ते प्राचीन किंवा पॅलिओनेमर्टियन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना खोल चिरा असलेले ते चिरांचे, आणि सुळेवाले ते हॉप्लोनेमर्टियन. मग ओटो ब्युर्गर आला. त्याने १८९५ साली नेपल्सच्या आखातातल्या रिबन कृमींवर प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यातली रंगीत चित्रे आजही पाहात राहावीत अशी आहेत. त्याने शरीराच्या भिंतीतले स्नायूंचे थर आणि त्यांच्या संदर्भात मुख्य चेतारज्जूंची जागा प्रमाण मानली. कुठे रज्जू त्वचेखाली स्नायूंच्या बाहेर, कुठे स्नायूंच्या थरातच, कुठे स्नायूंच्या आत. चौथ्या गटात, हेटेरोनेमर्टियनांत, थरांची मांडणीच वेगळी. उभ्या तंतूंचा एक जादा थर बाहेरून, आणि रज्जू त्या थराच्या आतल्या अंगाला.

हे पाहायचे तर प्राणी कापावा लागतो. नमुना औषधात घट्ट करायचा, मेणात बसवायचा, यंत्राने पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि एकेक तपासायचा. एक सेंटिमीटर लांबीचा कृमी आठ मायक्रोमीटर जाडीने कापला तर साडेबाराशे काप होतात. विसाव्या शतकात नवी जाती वर्णन करायची म्हणजे हे करायलाच हवे, असा दंडक झाला. त्या श्रमांबद्दल मला आदर आहे. पण त्यात एक खोट होती. औषधात पडताना प्राणी जितका आखडला असेल, त्याप्रमाणे स्नायूंच्या थरांची जाडी बदलते. एकाच जातीचे दोन नमुने कापावर वेगळे दिसू शकतात आणि वर्णन करणारा त्यातून दोन जाती करतो. ज्यात एकच जाती आहे अशा प्रजातींची रांग लागली. दुसऱ्या टोकाला ‘टेट्रास्टेमा’, म्हणजे ‘चार डोळ्यांची’, या एका प्रजातीत शंभराहून अधिक जाती साठल्या. चार डोळे तर कितीतरी असंबद्ध कृमींना आहेत. रे गिब्सन या ब्रिटिश तज्ज्ञाने १९९५ मध्ये सर्व नावांची मोजदाद केली तेव्हा ११४९ जाती २५० प्रजातींत विखुरलेल्या निघाल्या.

संपूर्ण संघ कोणाचा नातलग, हाही प्रश्न होताच. चपटे शरीर, अवयवांमध्ये भरीव ऊती, मोकळी देहगुहा दिसत नाही, म्हणून रिबन कृमींना चपट्या कृमींचे शेजारी मानले जाई. लिबी हायमन या अमेरिकन विदुषीने अपृष्ठवंशी प्राण्यांवर जो अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याच्या १९५१ च्या दुसऱ्या खंडात हे दोन संघ एकत्रच आहेत. खटकणाऱ्या गोष्टी मात्र होत्या. चपट्या कृमींच्या आतड्याला एकच दार, तर रिबन कृमींना तोंड वेगळे आणि गुदद्वार वेगळे. शिवाय बंद नळ्यांतून वाहणारे रक्त. १९८५ मध्ये टर्बव्हिल आणि रुपर्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले, की त्या रक्तवाहिन्यांचे आणि सोंडेच्या पोकळीचे अस्तर खऱ्या देहगुहेच्या अस्तरासारखे आहे. १९९२ मध्ये टर्बव्हिलने सहकाऱ्यांसह जनुकीय पुरावा पुढे आणला. आज रिबन कृमी गांडुळांच्या वलयी संघाबरोबर आणि शिंपले-गोगलगाईंच्या मृदुकाय संघाबरोबर एकाच मोठ्या शाखेत बसतात. त्यातला सर्वांत जवळचा कोण, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

आता आतल्या भिंतींकडे परत येऊ. त्या पाडायला मदत केली ती एका टोपीने.

१८४७ मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्यात तरंगणारा एक काचेसारखा पारदर्शक, मिलिमीटरभराचा जीव पाहिला. आकार कानपट्ट्या असलेल्या टोपीसारखा, माथ्यावर केसांचा झुबका. त्याने तो स्वतंत्र प्राणी समजून नाव दिले ‘पिलिडियम’, ग्रीकमध्ये लहानशी लोकरीची टोपी. पुढच्या काही वर्षांत इतरांच्या लक्षात आले, की या टोपीच्या आत एक छोटा कृमी वाढतो आहे. पिलिडियम हा रिबन कृमीचा डिंभ होता. डिंभाच्या आत पेशींच्या चकत्या तयार होतात, वाढतात, एकमेकींना जोडल्या जातात, आणि त्यांतून आतड्याभोवती पूर्ण कृमी उभा राहतो. मग तो टोपी फाडून बाहेर येतो आणि बहुतेक जातींत बाहेर येता येता टोपीच खाऊन टाकतो. सुरवंटाचे फुलपाखरू होते तिथे निदान कोशाचा निवांतपणा असतो. इथे सारे काही मिनिटांत उरकते. या संघात मला यापेक्षा विलक्षण काही माहीत नाही.

डिंभाने जाती ओळखायलाही मदत केली. युरोपच्या किनाऱ्यावर ‘लिनियस रूबर’ आणि ‘लिनियस व्हिरिडिस’ असे दोन कृमी दगडांखाली शेजारी शेजारी राहतात. एक तांबूस, एक हिरवट. रंगाचे फरक म्हणून त्यांना बराच काळ एकच जाती मानले जाई. दोघांचेही डिंभ पोहत नाहीत, अंड्यांच्या चिकट गोळ्यातच वाढतात. पण त्यांची वागणूक वेगळी. रूबरचे डिंभ त्याच गोळ्यातली आपली भावंडे खाऊन मोठे होतात, व्हिरिडिसचे तसे करत नाहीत.

पिलिडियम सगळ्या निःशस्त्रांत सापडते का? नाही. हेटेरोनेमर्टियनांत सापडते. पॅलिओनेमर्टियनांत ते नाही. अपवाद फक्त ‘हुब्रेख्टेला’ या छोट्या, चिखलात राहणाऱ्या प्रजातीचा. तिच्या साध्या बांधणीमुळे तिला पॅलिओनेमर्टियनांत ठेवले होते, पण तिचा डिंभ चक्क पिलिडियम निघाला. म्हणजे एक तर हे गुंतागुंतीचे वाढणे दोनदा स्वतंत्रपणे जन्माला आले, किंवा हुब्रेख्टेला चुकीच्या खोलीत होती. २००३ साली मिकाएल थोलेसन आणि जॉन नॉरेनबर्ग यांनी अनेक जातींची जनुके ताडून पाहिली. हुब्रेख्टेला हेटेरोनेमर्टियनांच्या बाजूलाच बसली. या दोघांना मिळून त्यांनी नाव दिले ‘पिलिडियोफोरा’, टोपी बाळगणारे.

त्याच अभ्यासातून दुसरी गोष्ट निघाली आणि ती शुल्ट्झच्या वर्गांच्या मुळावर आली. पिलिडियोफोरा हे निःशस्त्र असूनही दुसऱ्या निःशस्त्रांना, पॅलिओनेमर्टियनांना, तितके जवळचे नाहीत. ते सुळेवाल्या हॉप्लोनेमर्टियनांना जवळचे आहेत. ‘अनोप्ला’ नावाचे घराणेच नव्हते. होती ती फक्त सुळा नसलेल्यांची गर्दी. माझ्या मते इथे सगळ्या वर्गीकरणशास्त्राचा एक नियम उघडा पडतो. काय आहे यावरून नाते ठरवता येते, काय नाही यावरून ठरत नाही. लग्नाच्या मांडवात चष्मा नसलेले सगळे एका बाजूला बसवले, तर ती भावकी होत नाही.

मॅलॅकॉब्डेला या नियमाचा आणखी एक साक्षीदार. तिलाही सुळा नाही, पण तोंड आणि सोंड एकाच दारातून उघडतात, म्हणून तिला सशस्त्र वर्गात ठेवून तिच्यापुरता एक वेगळा गण केला होता. जनुकांनी तिला थेट एकसुळ्या हॉप्लोनेमर्टियनांच्या मध्यभागी नेऊन बसवले. तिच्या पूर्वजांना सुळा होता. शिंपल्यात आयते अन्न गाळायला मिळू लागल्यावर शिकारीचे हत्यार गेले, आणि चिकटून राहायला चूषक आले.

२०१९ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन अनोप्ला आणि एनोप्ला ही नावे अधिकृतपणे बाजूला ठेवली. आता वर्ग तीन. पॅलिओनेमर्टिया, पिलिडियोफोरा आणि हॉप्लोनेमर्टिया. त्याआधी २०१६ मध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आणखी धाडसी प्रस्ताव मांडला होता. नवी जाती वर्णन करताना कापांची सक्ती नको, त्याऐवजी जिवंत प्राण्याचे बाह्य रूप आणि डीएनए द्यावा.

नाव चुकले तर काय बिघडते, असे कोणी विचारले तर हिरोशिमाच्या आखाताकडे बोट दाखवावे लागेल. तिथे शेतीतल्या कालवांना चिकटलेले केसांसारखे बारीक रिबन कृमी सापडले आणि त्यांच्यात टेट्रोडोटॉक्सिन आढळले, फुगू माशाचे तेच जीवघेणे विष. त्यांची नोंद ‘सेफॅलोथ्रिक्स लिनिएरिस’ या युरोपातल्या जातीच्या नावाने झाली. या प्रजातीत ना डोळे, ना चिरा, ना ठळक रंग. पुढे नीट तपासल्यावर ती जपानचीच ‘सेफॅलोथ्रिक्स सिम्युला’ ठरली. तीच जाती नंतर स्पेन आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यांवरही सापडली आणि तिथे तिची ओळख पटवायला डीएनएच उपयोगी पडला. नाव बरोबर नसते तर एक विषारी परदेशी पाहुणा स्थानिक म्हणून खपला असता.

बरोबर वंशवृक्ष हाती आला की नवे प्रश्नही विचारता येतात. रिबन कृमी तुटले तर पुन्हा वाढतात, ही जुनी माहिती. २०१९ च्या एका अभ्यासात ३५ जातींची तुलना केली, तेव्हा दिसले की शेपटीकडचा भाग बहुतेकांना परत आणता येतो, पण पूर्ण डोके पुन्हा उगवणे फक्त आठ जातींना जमते. या आठांना वंशवृक्षावर मांडल्यावर कळले, की ही किमया मूळ पूर्वजाकडून आलेली नाही. ती किमान चारदा वेगवेगळ्या शाखांत नव्याने आली. जुन्या दोन वर्गांच्या चौकटीत हे उत्तर मिळालेच नसते.

आपल्या समुद्राशीही या कथेचा एक धागा आहे. अकरावी-बारावीला आनुवंशिकता शिकलेल्या प्रत्येकाने पनेटचा चौकोन काढलेला असतो. तो रेजिनाल्ड पनेट आनुवंशिकतेकडे वळण्याआधी रिबन कृमींचा अभ्यासक होता. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्याने काम केले, तेच सेंट अँड्र्यूज जिथे मॅकिन्टॉशचा लांब कृमी सापडला होता. केंब्रिजच्या स्टॅन्ली गार्डिनरने १८९९ ते १९०० या काळात मालदीव आणि लक्षद्वीपहून प्राणी गोळा करून नेले, त्यातल्या रिबन कृमींचे वर्णन पनेटने १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. ते काम अर्थातच बाटलीतल्या, रंग उडालेल्या नमुन्यांवर झाले होते. त्या पाण्यातल्या कृमींना आज पुन्हा जिवंत पाहण्याची, त्यांचा डीएनए वाचण्याची गरज आहे.

वाचकाला यात भाग घेता येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलात, तर भरतीरेषेच्या खालचा एखादा दगड हलकेच उचलून पाहा. गुळगुळीत, ओलसर, वळी नसलेली, संथपणे सरकणारी रिबीन दिसली तर तिला हात लावू नका. तिचे विष कोणते हे रंगावरून कळत नाही. जिवंत असतानाच वरून एक आणि डोक्याचा जवळून एक फोटो घ्या. डोक्याच्या कडेला चिरा आहेत का, डोळ्यांचे ठिपके किती, अंगावर पट्टे कसे, हे टिपून ठेवा. जागा आणि तारीख लिहा, आणि सागरी जीवांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांकडे पाठवा. मग दगड होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा.